निरंक

“आकडे पाचच्या आत माझ्या टेबलावर पाहिजेत. पाच म्हणजे पाच,” साहेब दारातूनच म्हणाले आणि आत न येता वळून गेले. दारातून हुकूम सोडला की कुणी शंका विचारत नाही, हे त्यांना एवढ्या वर्षांत नीट कळलेलं होतं.

साडेतीन वाजले होते. आत्यांनी परिपत्रक पुन्हा एकदा वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून हसल्या.

“शेजारी, नव्या विषयांची नावं ऐकलीत का? ‘बदलत्या जगात मी’. ‘नवनिर्मितीची वाट’. ‘संवाद आणि सहजीवन’.”

“यात पास कसं व्हायचं?” मी विचारलं.

“नापास कसं व्हायचं ते विचारा.”

आमचा पदवी पूर्तता कक्ष विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. डोक्यावरून दिवसभर पावलं वाजत असतात. पदवी मिळण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याचं कार्ड आमच्याकडे येतं. त्याने सगळे विषय पुरे केलेत का, हे आम्ही एकेक चौकट बघत तपासतो आणि खाली ‘पात्र’ किंवा ‘अपूर्ण’ असा शेरा मारतो. मुख्य विषय कुठलाही घ्या, त्याच्या जोडीला काही सामान्य विषय सगळ्यांना सक्तीचे होते. एक दुसरी भाषा, एक समाजाविषयीचा, एक हातकामाचा आणि एक सामान्य विज्ञान, तेही प्रात्यक्षिकासह. कवितेचा अभ्यास करणाऱ्यालाही एकदा तरी परीक्षानळी हातात धरावी लागायची. हे चाळीस वर्षं चाललं. मग एक समिती बसली, दोन वर्षं बसली, आणि उठली तेव्हा अकरा जुने सामान्य विषय बंद करून त्यांच्या जागी तीन नवे आणायचं ठरलं होतं.

परिपत्रकात एक सवलत मात्र स्वच्छ लिहिली होती. बंद होणाऱ्या विषयात जुन्या नियमांचा एक जरी विद्यार्थी अडकलेला असेल, तर तो विषय आणखी दोन सत्रं चालवायचा. कुणीच नसेल तर येत्या सत्रापासूनच कुलूप. कुठल्या विषयात किती जण अडकलेत ते आमच्या कक्षाने कळवायचं होतं. साहेबांना हवे होते ते हेच आकडे.

आत्यांना सगळं ऑफिस आत्या म्हणतं. त्यांची भाची लहान असताना शाळा सुटली की आमच्याकडे येऊन बसायची, ‘आत्या, भूक लागली’ म्हणून पदर ओढायची. तेव्हापासून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्याच त्या आत्या झाल्या. मला त्या ‘शेजारी’ म्हणतात. त्याचं कारण आमच्या कक्षाचा एक नियम. स्वतःचं किंवा घरच्या कुणाचं कार्ड स्वतः तपासायचं नाही, त्यात एक टिंबसुद्धा टाकायचं नाही. ते शेजारच्या टेबलाकडे द्यायचं. भाची पदवीधर झाली तेव्हा तिचं कार्ड मी तपासलं. आणि आत्यांचं स्वतःचं कार्ड बावीस वर्षं माझ्या खालच्या खणात होतं.

होय, बावीस वर्षं. वडील गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील इथेच ग्रंथालयात होते; त्यांच्या जागी आत्यांना घेतलं आणि त्यांचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. दोन भाऊ शिकले. एक लांब कुठेतरी स्थायिक झाला, दुसऱ्याच्या घरी आत्या राहतात. आत्या पस्तिशीत असताना विद्यापीठाने कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण योजना काढली. नोकरीत आहात तोवर शिका, एका सत्राला एकच विषय घ्या, झालेले विषय कधी बाद होणार नाहीत. आत्यांनी पहिल्याच दिवशी नाव घातलं. बत्तीस विषय होते. मध्ये आईचं अंथरूण धरणं आलं, भावजयीची बाळंतपणं आली, काही सत्रं तशीच गेली. पण सकाळी साडेसातच्या वर्गाला मुलांच्या मागच्या बाकावर बसून, परत येऊन दहाला टेबलावर हजर, असं करत त्यांनी एकतीस विषय काढले. मी एकतीस वेळा त्यांच्या कार्डावर सही केली.

राहिला होता एकच, सामान्य विज्ञान. त्याची प्रात्यक्षिकं बुधवारी दुपारी दोन ते पाच, नेमकी आमच्या काउंटरच्या वेळेत. “कामाच्या वेळेत मला सोडा, असं कुठल्या तोंडाने मागायचं?” असं म्हणत त्यांनी तो विषय शेवटी ठेवला. काउंटरवर येणाऱ्या मुलांनाही त्या हेच सांगायच्या, की अवघड ते आधी करा, सामान्य विषय कुठे पळून जातायत? आता येत्या सत्राअखेर त्या निवृत्त होणार होत्या. योजना नोकरीबरोबर संपते, म्हणजे हाती तेवढं एकच सत्र. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं रजा साठवली होती. सोळा बुधवारच्या सोळा अर्ध्या रजा मंजूरही करून घेतल्या होत्या. भाचीने प्रयोगवही आणून दिली होती. तिला तपकिरी कव्हर घालून, नाव लिहून झालं होतं.

“कशाला एवढा अट्टाहास, आत्या?” मी एकदा विचारलं होतं. “आता बढती नाही, काही नाही.”

“हजारो लोकांच्या नावापुढे मी ‘पात्र’ लिहिलं,” त्या म्हणाल्या, “एकदा माझ्या नावापुढे कुणीतरी लिहिलेलं बघायचंय. बस, एवढंच.”

तर त्या दिवशी पावणेपाचला त्यांनी तक्ता तयार केला. अकरा विषय, त्यांच्यापुढे अडकलेल्यांची संख्या. अवघ्या तीन विषयांत मिळून सात मुलं निघाली. उरलेल्या आठांपुढे त्यांच्या बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं ‘निरंक’. शून्य लिहिलं तर कुणी मागे-पुढे आकडा घालील म्हणून आमच्याकडे काही नसलं की निरंक लिहितात. सामान्य विज्ञानापुढेही निरंक होतं.

यादी त्यांनी संगणकावरून काढली होती. योजनेतल्या कर्मचाऱ्यांची कार्डं कागदी, ती यादीत येत नाहीत. योजनेत उरले होते तिघं. दोघांचं विज्ञान झालेलं, तिसऱ्या त्या स्वतः. स्वतःचं नाव त्यांनी धरलं नाही. धरायचं नसतंच. ते धरायचं काम शेजारच्या टेबलाचं.

“शेजारी, तुमच्याकडचं बघून घ्या आणि सही करा,” असं म्हणून त्यांनी तक्ता माझ्यापुढे ठेवला.

माझ्या घरी टाकीचा नळ गळत होता आणि साडेपाचला प्लंबर येणार होता. आत्यांच्या कामात वीस वर्षांत मला चूक सापडली नव्हती. ‘तपासले’ या शब्दाखाली मी डोळे झाकून सही ठोकली, पिशवी उचलली आणि पाचच्या ठोक्याला बाहेर पडलो. प्लंबर आलाच नाही.

*

पंधरा दिवसांनी, सोमवारी, नावनोंदणी सुरू झाली. आत्या जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन वर गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. अर्ज हातातच होता. खुर्चीत बसल्या, पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

“काय झालं?” मी विचारलं.

“विषय बंद झालाय म्हणतात.”

“कुठला?”

“माझा.”

मला आधी काही कळेना. मग एकदम कळलं.

“तक्त्यात निरंक गेलंय,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही माझा एक मिळवला नाहीत का? तो तुमच्याकडे होता.”

“मला वाटलं तुम्ही धरला असेल,” मी म्हणालो.

हे खरं नव्हतं. मला काहीच वाटलं नव्हतं. पण तोंडातून हेच बाहेर पडलं.

“मी कसा धरीन?” त्या म्हणाल्या. “नियम आहे ना.” एवढं बोलून त्यांनी अर्जाची घडी केली आणि काउंटरची खिडकी उघडली. बाहेर रांग होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी सत्तावीस कार्डं तपासली. एकाही मुलावर आवाज चढवला नाही, आणि मला ते बघवत नव्हतं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नाही. फक्त कुठलाही कागद आपल्या टेबलावर फार वेळ राहू नये एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा असते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन टेबलावर आडवं ठेवलं.

“आत्या, अहो असं कसं केलंत तुम्ही? तक्ता तुमच्याच हातचा आहे.”

“हो, माझ्याच हातचा आहे.”

“आता तो बदलायचा म्हणजे काय होईल? फायदा कुणाला, तर तक्ता करणारीलाच. उद्या कुणी म्हणेल, बाईंनी निवृत्तीच्या तोंडावर स्वतःसाठी आकडा फिरवला. तीस-पस्तीस वर्षांचं नाव आहे तुमचं.”

आत्यांनी मान हलवली. हा मुद्दा त्यांना पटला, हीच पंचाईत होती. त्या साहेबांच्या जागी असत्या तर हेच म्हणाल्या असत्या.

“मी लिहितो,” मी म्हणालो. “तपासताना माझी नजरचूक झाली असं लिहून देतो. सही माझी आहे.”

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “द्या. नाही कोण म्हणतंय? पण न तपासता तपासले लिहिलं, असा त्याचा अर्थ होतो. मेमो निघेल. तुमची अजून पाच वर्षं आहेत, वरची जागाही पुढच्या वर्षी रिकामी होतेय.” मग थांबून म्हणाले, “गुरुवारी समितीची बैठक आहे. सत्राच्या आधीची शेवटची. द्यायचं तर त्याच्या आत द्या.”

बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, “शेजारी, तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू द्या.”

“त्रास कसला त्यात?” मी म्हणालो. अगदी फुशारकीने म्हणालो.

पत्र मी मंगळवारीच लिहिलं. चार ओळी, खाली सही, वर तारीख. पाकिटात घातलं आणि पिशवीत ठेवलं. संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. तिने पोळ्या लाटता लाटता ऐकलं.

“मग दिलंत का पत्र?”

“उद्या देतो. साहेब जागेवर नव्हते.”

“साहेब जागेवर नव्हते की तुम्ही जागेवर नव्हता?” ती म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या बाईला कुठे बोट ठेवायचं ते बरोबर माहीत असतं.

बुधवारी साहेब दिवसभर जागेवर होते. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा आत कुणीतरी बसलं होतं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, तरी परत आलो. मेमो म्हणजे काही फाशी नाही, हे मला कळत होतं. पण सेवापुस्तकात आजवर एक डाग नाही असं मी घरी-दारी सांगत आलो होतो, आणि माणूस कशाला घाबरेल याचा काही नेम नसतो. शिवाय मी मनाची समजूत घालून ठेवली होती की ही बैठक गुरुवारी होणारच नाही. या समितीची बैठक ठरलेल्या दिवशी झालेली मी कधी पाहिली नव्हती. कधी अध्यक्ष दौऱ्यावर, कधी सभागृह मिळालेलं नाही.

गुरुवारी अकराला बैठक झाली. वेळेवर सुरू झाली आणि वेळेआधी संपली.

शुक्रवारी सकाळी मी पत्र दिलं. आवक टेबलावरच्या माणसाने त्यावर शिक्का मारला आणि साहेबांनी मला ते घेऊन थेट समितीच्या अध्यक्षांकडे जायला सांगितलं. आत्यांनाही बरोबर न्या म्हणाले.

अध्यक्ष प्राध्यापक बाई होत्या. त्यांच्या खोलीत खिडकीत कुंड्या होत्या आणि भिंतीवर नव्या तीन विषयांचं रंगीत पोस्टर. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, पत्र पूर्ण वाचलं. माझी अपेक्षा होती त्यापेक्षा त्या फार चांगल्या वागल्या.

“हे काल आलं असतं तर मी आयत्या वेळचा विषय म्हणून घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. “दोन मिनिटांचं काम होतं. आता पुढची बैठक सत्र संपल्यावर.”

“तोवर मी नोकरीत नसेन,” आत्या म्हणाल्या.

“तुमच्या एकट्या सहीने नाही होणार का, मॅडम?” मी विचारलं.

“आता नाही हो. वेळापत्रक लागलं, शिक्षक दुसरीकडे दिले, प्रयोगशाळेची खोली गेली. मी सही केली तरी शिकवणार कोण?” मग त्या आत्यांकडे वळून उत्साहाने म्हणाल्या, “तुम्ही असं करा ना, नव्या नियमांत या. नवे विषय छान आहेत. तीनच तर आहेत.”

“सत्राला एक घेता येतो. म्हणजे तीन सत्रं. माझ्याकडे एकच आहे.”

“मग निवृत्त झाल्यावर बाहेरून नाव घाला. शिकायला वय थोडंच लागतं?”

“बाहेरून नाव घातलं की दहा वर्षांआधीचे विषय बाद होतात,” आत्यांनी शांतपणे सांगितलं. नियम त्यांना तोंडपाठ होते. “माझे एकतीस झालेत. त्यातले तेरा उरतील.”

प्राध्यापक बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. “कुणीतरी आधी सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

मी चहा संपवला. कसा संपवला ते मलाच माहीत.

जिना उतरताना आत्या म्हणाल्या, “बाई चांगल्या आहेत.” पत्राची शिक्का मारलेली प्रत त्यांच्याच हातात होती.

*

सत्र सुरू झालं. पहिल्या बुधवारी दोन वाजता आत्यांनी काउंटरची खिडकी लावली.

“माझी रजा मंजूर आहे,” त्या म्हणाल्या. “जरा प्रयोगशाळा बघून येते. येताय?”

मी गेलो. प्रयोगशाळा मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. दार सताड उघडं होतं. आत प्रयोगशाळेचा परिचर लाकडी खोक्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होता. तराजू, लोलक, काचेच्या नळ्या, लोखंडी स्टँड सगळं टेबलांवर मांडून ठेवलेलं होतं. एका भिंतीला केशरी आणि हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या.

“काय पाहिजे?” त्याने विचारलं.

“काही नाही. बघायला आलो,” आत्या म्हणाल्या. “पहिल्या तासाला कुठला प्रयोग असायचा?”

“झुलत्या गोळ्याचा. का हो?”

“सहज.”

त्याने आत्यांकडे पाहिलं. तीस वर्षं त्याने मुलांच्या हातात सामान दिलं होतं, त्यामुळे कुणाला काय हवंय ते त्याला फारसं विचारावं लागत नसावं. त्याने खोक्यातून एक स्टँड परत बाहेर काढला, दोऱ्याला पितळी गोळा बांधला आणि जुनं स्टॉपवॉच आत्यांच्या हातात दिलं.

“थोडा बाजूला ओढायचा नि सोडायचा. ढकलायचा नाही. वीस हेलकावे मोजायचे. इकडून तिकडे आणि परत, म्हणजे एक.”

आत्यांनी गोळा ओढला आणि सोडला. ओठ हलत होते. वीसला त्यांनी बटण दाबलं. “अठ्ठावीस पूर्णांक चार.”

“आता दोरा वाढवून परत.”

त्यांनी परत केलं. दोरा वाढवला, परत केलं. गोळा बदलला, परत केलं. माझ्याकडून कागद घेऊन तीन रकान्यांचा तक्ता आखला आणि आकडे लिहिले. इतक्या मन लावून की घाम आलेला पुसायचंही त्यांना सुचलं नाही. सातव्या वेळेला त्या म्हणाल्या, “दोरा लांब तर वेळ जास्त. गोळा जड असो की हलका, त्याचं काही नाही. भाचीने सांगितलं होतं, पण असं होतं होय!” त्या हसत होत्या. मला वाटलं, आता रडावं आपण, निदान इथे कुणी बघणार नाही.

“जर्नल तपासून घेणार का, बाई?” परिचराने गमतीने विचारलं.

“तपासतं कोण आता?” त्या म्हणाल्या आणि कागद त्याच्या टेबलावरच ठेवला.

खाली टेम्पो आला होता. दोन माणसं वर आली आणि खोकी उचलू लागली. परिचराने गोळा सोडून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला. आत्यांनी स्टॉपवॉच परत दिलं. आम्ही पावणेचारला कक्षात परत आलो. रजा पाचपर्यंत होती तरी त्यांनी खिडकी उघडली.

पुढल्या बुधवारपासून त्यांनी रजा घेतल्या नाहीत. चौदा अर्ध्या रजा तशाच बुडाल्या, एक आईच्या वर्षश्राद्धाला कामी आली.

*

महिन्याभराने वरून पत्र आलं. कर्मचारी योजना गुंडाळण्यात येत असून अपूर्ण कार्डं शेरा मारून सात दिवसांत बंद करावीत. इतर दोघांची कार्डं मागच्याच सत्रात पूर्ण झाली होती. आमच्याकडे एकच राहिलं होतं. मी पत्र फायलीखाली सारलं. आपली सवय कुठे जाते?

सहाव्या दिवशी आत्या म्हणाल्या, “शेजारी, त्या पत्राची मुदत उद्या संपतेय.”

“करू उद्या.”

“उद्या नको. आज करून टाका.”

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी खालचा खण उघडून कार्ड काढलं. कडा मऊ पडलेल्या, पुठ्ठा पिवळा. एकतीस चौकटींत माझ्या एकतीस सह्या. जुन्या सह्या ऐटदार, अलीकडच्या नुसत्या रेघोट्या. बत्तिसावी चौकट कोरी.

“तुम्हालाच लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “मला नाही लिहिता येणार.”

मी लिहिलं, ‘अपूर्ण. योजना समाप्त.’ अक्षर वाईट आलं. मग एकदम बोलून गेलो, “आत्या, चूक माझी होती. मी तक्ता बघितलाच नव्हता. आणि पत्रही मी...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“पत्रावर तारीख मंगळवारची होती आणि शिक्का शुक्रवारचा.”

आयुष्यभर कागद तपासलेल्या बाईच्या हातात मी तो कागद दिला होता. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय चौकट भरणार होती?” त्या म्हणाल्या. “द्या इकडे. सही राहिलीय.”

कार्डावर खाली दोन सह्या लागतात. उजवीकडे तपासणाऱ्याची, डावीकडे विद्यार्थ्याची. आत्यांनी कार्ड ओढलं, पेन उघडलं आणि हात आपोआप उजवीकडे गेला. अडतीस वर्षं तो तिकडेच जात होता. त्यांच्या सहीचं पहिलं अक्षर आणि पुढची वेलांटी उमटली तेव्हा त्या थांबल्या.

आमच्याकडे खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी आद्याक्षरं टाकायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. आत्यांनी पट्टी घेतली, रेघ मारली, आद्याक्षरं टाकली. मग डावीकडच्या चौकटीत सावकाश सही केली. नेहमीची गिचमीड नव्हे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सुटं सुटं, शाळेच्या वहीवर लिहितात तसं. शाई वाळेपर्यंत थांबल्या, कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलीला म्हणाल्या, “बोल बाळ, तुझं काय आहे?”